बारापैकी चार निवडा, बाकीचे चौकोन कोरे ठेवा

प्रश्न : आमचा पर्यावरणशास्त्राचा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा पदवी अभ्यासक्रम आहे. विद्यापीठाने बारा 'पदवीधर गुणवैशिष्ट्यां'ची यादी दिली आहे : चिकित्सक विचार, संवाद, गटात काम, नैतिक भान वगैरे. तीस कोर्स आणि बारा गुणवैशिष्ट्ये असा तक्ता आम्ही केला, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात खूण आहे. तरी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक पान धड लिहिता येत नाही. समोरचा आकडा उघड चुकीचा असला तरी त्यांना शंका येत नाही. गटाचा प्रकल्प एकटाच कुणीतरी ओढतो. त्यात आता एआय आलं आहे. छोटी ऑनलाइन प्रमाणपत्रं मिळत असताना पदवी कशाला, असं मुलं विचारतात. व्यवस्थापन म्हणतं, सॉफ्ट स्किल्सचा वेगळा कोर्स लावा. पुढचं सत्र दहा आठवड्यांवर आलंय. सुरुवात कुठून करू?
– एक विभागप्रमुख

उत्तर :

वेगळा कोर्स सध्या लावू नका, आणि तक्ता दुरुस्त करण्यातही वेळ घालवू नका. विभागाला काय व्हावंसं वाटतं ते तक्त्यात दिसतं. मार्क कशाला मिळतात ते त्यात दिसत नाही, आणि मुलं मार्क बघूनच अभ्यास करतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून पहिलं काम असं : गेल्या वर्षभरात विभागाने ज्याला-ज्याला मार्क दिले, ते सगळं एका टेबलावर आणा. प्रश्नपत्रिका, असाइनमेंट, प्रयोगवहीचे मार्क कसे पडतात त्याचा कागद, प्रकल्पाचं गुणपत्रक. तीसच्या तीस कोर्स नकोत. प्रत्येक सत्रातले दोन घ्या, बारा कोर्स पुरे. प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहा : नोट्स पाठ करून याचे पूर्ण मार्क मिळतात का? मिळत नसतील, तर आणखी काय यावं लागतं? हे दोन शिक्षकांनी वेगवेगळं करावं आणि मग ताडून पाहावं. ज्याचा कोर्स त्याने स्वतःच्या पेपरला हात लावू नये, कारण त्याला आपल्या मनातला हेतू आठवत राहतो आणि कागदावर काय विचारलंय ते दिसत नाही. एक दुपार जाईल.

यातून बहुधा काय निघेल तेही सांगतो. 'संवाद'समोर वीसेक खुणा असतील, पण मार्क असतील मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि 'सादरीकरण : ५' एवढ्याला. 'चिकित्सक विचार' म्हणून 'फरक स्पष्ट करा' असेल, आणि तो फरक नोट्समध्ये तक्ता करून दिलेला असेल. गटाने तयार केलेल्या फाईलला मार्क असतील, पण गटात कोण कसं वागलं याला काहीच नसतील. मुलांना एक पान लिहिता येत नाही, कारण सहा सत्रांत ते पान कुणी मागितलेलंच नसतं.

दुसरी अडचण शिक्षकांच्या खोलीत आहे. सिडनी विद्यापीठातल्या सायमन बॅरी यांनी २०००च्या दशकात प्राध्यापकांशी बोलून एक गोष्ट दाखवली : 'पदवीधर गुणवैशिष्ट्ये' म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काही असतं. काहींना वाटतं ही शाळेतूनच यायला हवी होती, आपलं काम नव्हे. काहींना ती विषयाला जोडलेली पुरवणी वाटतात. काहींच्या मते त्यांच्यामुळे विषयाचं ज्ञान वापरता येतं. आणि काहींच्या मते विषय समजून घेण्याची आणि नवं ज्ञान घडवण्याची ताकदच त्यांच्यात असते. तुमच्या विभागात हे चारही प्रकार असणार, आणि चौघांनी एकाच चौकोनात चार वेगवेगळ्या अर्थांनी खूण केलेली असणार. यावर चर्चासत्र घेऊ नका. प्रत्येक शिक्षकाला दोन वाक्यं लिहून द्यायला सांगा : 'माझ्या कोर्समध्ये विद्यार्थी चिकित्सक विचार करतो, तेव्हा तो नेमकं काय करतो?' ज्यांना दोन वाक्यं लिहिता येणार नाहीत, त्यांच्या कोर्ससमोरची खूण पुसून टाका. कुणालाही कमीपणा न देता तक्ता आपोआप आटोक्यात येतो.

मग बारापैकी चार निवडा. हे ऐकून पोटात गोळा येईल, पण ज्यांच्या याद्यांवरून या सगळ्याची सुरुवात झाली त्यांनीही हेच केलं आहे. अमेरिकेतल्या ॲबेट या अभियांत्रिकी मानांकन संस्थेने आपली अकरा आउटकम, म्हणजे पदवीअखेर विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याची यादी, २०१९-२०च्या फेरीपासून सातवर आणली. वॉशिंग्टन करार, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा १९८९चा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्याही यादीत बारा गुणवैशिष्ट्यं होती. २०२१च्या सुधारणेत ती अकरा झाली. लांब यादी कुणालाच झेपत नाही.

कोणती चार? जी तुमच्या विषयाच्या रोजच्या कामात रुजलेली आहेत ती. पर्यावरणशास्त्रासाठी आम्ही सुचवू : पुराव्याची पारख, विषय न शिकलेल्या माणसासाठी लिहिणं, गटात स्वतःच्या वाट्याची जबाबदारी निभावणं, आणि स्वतःच्या कामातली चूक स्वतः शोधून दुरुस्त करणं. शेवटचं बहुतेक याद्यांत 'आजीवन शिक्षण' या भारदस्त नावाखाली असतं. त्याला असं जमिनीवर आणल्याशिवाय ते शिकवताच येत नाही. उरलेली आठ टाकून द्यायची नाहीत. ती जिथे आपसूक येतात तिथे येऊ द्या, फक्त त्यांची शिडी बांधायच्या मागे लागू नका.

शिडी या चारांची बांधायची. प्रत्येक गुणवैशिष्ट्याला तीन जागा : पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी एक. एकूण बारा जागा झाल्या. एका असाइनमेंटमध्ये दोन गुणवैशिष्ट्यं सहज बसतात, त्यामुळे प्रत्यक्षात सात-आठ कोर्सनाच हात लावावा लागेल. पहिल्या जागी भरपूर आधार द्यायचा : सोडवलेला नमुना, टप्प्याटप्प्याचे प्रश्न. दुसऱ्या जागी नमुना काढून घ्यायचा. तिसऱ्या जागी प्रश्नच अर्धवट द्यायचा. माहिती कमी, थोडी परस्परविरोधी, आणि काय विचारायचं तेही विद्यार्थ्याने ठरवायचं. तिन्ही ठिकाणी निकषांची भाषा मात्र एकच हवी. पहिल्या वर्षी ज्याला 'निरीक्षणाची छाननी' म्हटलं त्याला तिसऱ्या वर्षी 'डेटा व्हॅलिडेशन' म्हटलं, तर मुलाला ती नवीच गोष्ट वाटते.

सॉफ्ट स्किल्सचा कोर्स नको म्हणण्यामागचं कारणही हेच आहे. एका कामात कमावलेलं कौशल्य दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या कामात आपोआप उतरत नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१मध्येच हे दाखवलं होतं. आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव केलेल्या लोकांना इतर आकारांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सॉफ्ट स्किल्सच्या तासाला 'माझा आवडता नेता' यावर छान बोलणारी मुलगी प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावर गप्प बसते, ते यामुळेच. स्वतंत्र तासाचा एक उपयोग मात्र आहे : निव्वळ तंत्र शिकवण्यासाठी. संदर्भ कसे द्यायचे, स्प्रेडशीटमध्ये आलेख कसा काढायचा, औपचारिक पत्राचा मायना काय. असा तास दोन तासिकांचा ठेवा आणि ज्या असाइनमेंटला ते तंत्र लागणार आहे तिच्या आदल्या आठवड्यात घ्या. सत्राच्या सुरुवातीला घेतला तर वाया गेला म्हणून समजा.

आता एक असाइनमेंट उलगडून बघू. दुसऱ्या वर्षाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजायचा प्रयोग असतोच. नेहमीचा प्रश्न असा असतो : 'पाच नमुन्यांतला ऑक्सिजन काढा व निष्कर्ष लिहा.' कृती आली, आकडेमोड आली, मार्क मिळाले.

त्याऐवजी पाच नमुन्यांचा तयार तक्ता द्या. प्रत्येकासमोर जागा, वेळ, तापमान, पाण्याचा रंग आणि ऑक्सिजनचं वाचन. चार वाचनं ६ ते ७ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपासची. पाचवं १४.२, तळं हिरवट, वेळ दुपारी तीन, तापमान ३० अंश सेल्सिअस. सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच थायोसल्फेटने टायट्रेट केलेले (हे द्रावण थेंबथेंब घालायचं, आणि ते किती लागलं त्यावरून ऑक्सिजन काढायचा). काम दोन भागांत : एक, पाचव्या वाचनाचं काय करायचं ते ठरवा आणि कारण द्या, दोन, विज्ञान न शिकलेल्या अधिकाऱ्याला अडीचशे शब्दांत कळवा.

बहुतेक मुलं पहिल्या फेरीत लिहितील : 'पाचव्या नमुन्यात ऑक्सिजन सर्वाधिक, म्हणून ते पाणी सर्वांत शुद्ध.' तुम्ही पत्रात जे म्हणता, आकडा चुकीचा दिसला तरी शंका येत नाही, ते इथे उघडं पडतं. ३० अंशाला हवेच्या संपर्कातल्या गोड्या पाण्यात साधारण ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. १४.२ म्हणजे जवळजवळ दुप्पट.

काही मुलं म्हणतील, बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला असेल. चांगली शंका आहे, पण तिचा हिशेब मागा. एक मिलिलिटर हवेत सुमारे ०.२१ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे ०.२७ मिलिग्रॅमच्या आसपास. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तो सगळा धरला गेला तरी वाचन प्रतिलिटर ०.९ मिलिग्रॅमने वाढेल. सात मिलिग्रॅमचा फरक पडायला बाटलीत सात-आठ मिलिलिटर हवा राहायला हवी, आणि ती कुणालाही दिसेल. काही म्हणतील, थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर झालं असेल. तसं असतं तर ते प्रत्येक नमुन्याला जास्त लागलं असतं आणि पाचही वाचनं वर गेली असती, एकटं पाचवं नाही. उरतो तो हिरवट रंग आणि दुपारची वेळ. उन्हात शैवालाचं प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं आणि पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन साठतो. तेच तळं रात्रभर श्वसनाने तो ऑक्सिजन संपवतं. म्हणून पहाटे सूर्य उगवण्याआधी पुन्हा नमुना घ्या, वाचन धाडकन खाली आलं तर कारण पक्कं. आणि मग अधिकाऱ्याला कळवायचं ते 'पाणी शुद्ध आहे' याच्या अगदी उलट असतं : तळ्यात पोषकद्रव्यं जास्त झालेली दिसतात, पहाटे मासे मरण्याचा धोका आहे.

चिकित्सक विचार तो हाच. यात रसायनशास्त्र वजा केलं तर काही उरत नाही, म्हणून तो रसायनशास्त्राबाहेरच्या तासाला शिकवता येत नाही.

वीस मार्कांची वाटणी अशी करा : वाचनाबद्दलचा निर्णय आणि त्याची कारणं १२, अधिकाऱ्याचं पत्र ५, आकडेमोड ३. आकडेमोडीचे मार्क कमी केलेत म्हणून कुणी कुरकुरेल. बुडबुड्याचा हिशेब त्या बारामध्येच आहे, हे त्यांना दाखवा.

निकषांचा तक्ता, म्हणजे रुब्रिक, चार पातळ्यांचा करा आणि त्यात 'उत्तम', 'समाधानकारक' असे शब्द अजिबात नकोत. 'उत्तम विश्लेषण' म्हणजे काय हे तीन शिक्षकांना तीन तऱ्हेने वाटतं. विद्यार्थ्याने काय केलं ते लिहा. पहिली पातळी : वाचनं जशीच्या तशी स्वीकारली. दुसरी : पाचवं वेगळं आहे हे ओळखलं, पण कारण न देता गाळलं किंवा ठेवलं. तिसरी : संभाव्य कारणं मांडली आणि उरलेल्या वाचनांशी ताडून निदान एक कारण बाद केलं. चौथी : कोणत्या तपासणीने निकाल लागेल ते सांगितलं आणि स्वतःला किती खात्री आहे तेही लिहिलं. तयार नमुने हवे असतील तर अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००९मध्ये काढलेले 'व्हॅल्यू' रुब्रिक बघा. तेही चार पातळ्यांचे आहेत. एक सावधगिरी मात्र पाळा. ते संपूर्ण पदवीकडे बघण्यासाठी केलेले आहेत, एका असाइनमेंटला मार्क देण्यासाठी नाहीत. पातळीला पंचवीसने गुणून टक्के काढले, तर पहिल्या वर्षाचा पहिल्या पातळीवरचा मुलगा नापास ठरतो. खरं तर तो जिथे असायला हवा तिथेच आहे.

रुब्रिक लागू करण्याआधी तीन शिक्षकांनी तेच सहा पेपर एकमेकांना न दाखवता तपासावेत. ज्या पेपरवर एका पातळीहून जास्त फरक पडेल त्यावर बोला. वाद बहुतेक वेळा विद्यार्थ्याबद्दल नसतो, रुब्रिकमधल्या एखाद्या सैल वाक्याबद्दल असतो. ते वाक्य बदला. तासा-दीड तासाचं काम आहे, पण हे टाळलं तर एका तुकडीला उदार शिक्षक आणि दुसरीला कडक शिक्षक मिळतो, आणि मुलांचा या सगळ्यावरचा विश्वास पहिल्याच वर्षी उडतो.

अभिप्रायाबद्दल आमचा आग्रह आहे. सत्र संपल्यावर दिलेला शेरा कुणी वाचत नाही, कारण त्याचं काही करायचंच नसतं. कच्चा मसुदा घ्या, सात दिवसांत परत द्या, प्रत्येकावर फक्त दोन शेरे लिहा, आणि पक्क्या प्रतीसोबत 'काय बदललं आणि का' असं अर्धं पान मागा. साठ मुलं आणि प्रत्येकी पाच मिनिटं धरली तर पाच तास होतात. हे पाच तास आणायचे कुठून? त्या कोर्समधली एक जुनी असाइनमेंट काढून टाका. हा नियमच करा : एक नवं काम आत, तर एक जुनं बाहेर. असे बदल बहुधा कोसळतात ते शिक्षक आळशी असतात म्हणून नव्हे, तर जुनं तसंच ठेवून त्यावर नवं रचलं जातं म्हणून.

गटकामात तीन गोष्टी ठरलेल्या बिघडतात. मुलं मैत्रीनुसार गट करतात, मग मित्राबद्दल कुणी तोंड उघडत नाही. काम चार तुकड्यांत वाटता येण्यासारखं असतं, मग चौघं आपापला भाग लिहितात आणि शेवटी पानं स्टेपल होतात. आणि सगळ्यांना सारखे मार्क मिळतात, मग एक जण ओढतो. म्हणून गट चौघांचे ठेवा आणि ते तुम्हीच पाडा. काम असं द्या की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असेल, उदाहरणार्थ सगळ्यांच्या मोजमापांवरून एकच शिफारस करायची. आणि मार्कांत सोबत्यांचं मत घ्या. इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठातून आलेल्या वेबपीए पद्धतीचं साधं रूप हाताने करता येतं. प्रत्येक जण इतरांना १ ते ५ आकडे देतो. एखाद्याला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, हा त्याचा गुणक. गटाला २०पैकी १६ मिळाले असतील तर ८ सगळ्यांना पक्के, उरलेल्या ८ला गुणकाने गुणायचं. गुणक १.१ असेल तर ८ अधिक ८.८, म्हणजे १६.८. गुणक ०.७ असेल तर ८ अधिक ५.६, म्हणजे १३.६. आकडे गुप्त ठेवा. सत्राच्या मध्यावर एक फेरी घ्या. तिचे मार्क धरायचे नाहीत, पण ज्याचा गुणक ०.८च्या खाली आहे त्याला एकट्याला बोलावून सांगायचं. मधली फेरी नसेल तर ही पद्धत नुसती शिक्षा होऊन बसते; वागणं सुधारायला कुणाला वेळच मिळत नाही.

एआयबद्दल. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून घरी लिहून आणलेला निबंध हा विद्यार्थ्याला काय येतं याचा पुरावा राहिलेला नाही. हे सरळ मान्य करा. एआयने लिहिलेलं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर कुणाचंही वर्ष अडवू नका. खुद्द ओपनएआयने काढलेलं असं साधन अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत, ते तुमच्या विभागालाही जमतील. पहिला मार्ग देखरेखीखालचा : इथे विद्यार्थ्याला स्वतःला काय येतं तेच बघायचं. दुसरा खुला : इथे एआय वापरा, पण जबाबदारी तुमची. एआयवर बंदी घातलेली घरची असाइनमेंट या दोन्हींत बसत नाही, आणि तिच्यात प्रामाणिक मुलाचंच नुकसान होतं.

वरच्या पाण्याच्या असाइनमेंटला दोन्ही मार्ग जोडता येतात. लेखी काम खुलं ठेवा, सोबत एक टिपण मागा : एआयला काय विचारलं, त्याचं काय नाकारलं आणि का, कोणता आकडा स्वतः पडताळला. मग सात मिनिटांची तोंडी. तीन प्रश्न पुरतात. पाचवं वाचन तू का ठेवलंस किंवा का गाळलंस? तापमान ३० ऐवजी २० अंश असतं तर तुझा निर्णय बदलला असता का? (२० अंशाला साधारण ९.१ मावतो, म्हणजे १४.२ तरीही जास्तच. ज्याने स्वतः विचार केलाय तो हे दहा सेकंदांत सांगतो.) कोणतं वाचन हाती आलं तर तू स्वतःचा निष्कर्ष मागे घेशील? साठ मुलांना सात तास लागतात, दोघा शिक्षकांत साडेतीन-साडेतीन. मार्क लेखी कामापेक्षा तोंडीला जास्त ठेवा.

पहिल्या वर्षी देखरेखीखालचं काम जास्त हवं. ज्याने कधी हाताने टायट्रेशनची आकडेमोड केली नाही, त्याला एआयचं उत्तर दहापट चुकलंय हे कळणार कसं? तिसऱ्या वर्षी प्रमाण उलटं करा. आणि एक सोपा सराव : एआयकडून अहवालाचं एक पान लिहून घ्या, त्यात तीन चुका स्वतः पेरा (एक एककाची, एक कारणाची, एक नसलेल्या संदर्भाची) आणि वर्गात वीस मिनिटांत शोधायला द्या. पुराव्याची पारख आणि चूक शोधणं, दोन्हींचा सराव यात होतो, तपासायलाही वेळ लागत नाही.

नैतिक भानाला मार्क देऊ नका. प्रामाणिकपणाला १०पैकी ७ कसे द्यायचे? प्रसंग द्या, त्यात कुणाचं काय पणाला लागलंय हे विद्यार्थी किती नीट ओळखतो ते तपासा, आणि तिथेच थांबा.

छोट्या प्रमाणपत्रांचा मुलांचा प्रश्न रास्त आहे, त्याला रागाने उत्तर देऊ नका. एखादं सॉफ्टवेअर किंवा एखादं तंत्र शिकायला सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स खरोखर पुरतो, आणि तुमच्या कोर्सहून तो चांगलाही असू शकतो. मुलांना तो करू द्या, जमलं तर त्याचं क्रेडिट द्या. सहा आठवड्यांत जे होत नाही ते म्हणजे तीच मागणी तीन वर्षं, चढत्या अवघडपणाने, ओळखीच्या माणसांनी करत राहणं. अमेरिकेतल्या अल्व्हर्नो कॉलेजने १९७३पासून सगळा अभ्यासक्रम आठ क्षमतांभोवती बांधला आहे. तिथे क्षमतेच्या पायऱ्या चढत जाणं म्हणजेच पदवी. तुमच्या पदवीत अशी शिडी नसेल, तर पदवी म्हणजे तीस छोट्या प्रमाणपत्रांची मोळी होते, आणि मग मुलांचं म्हणणं बरोबर ठरतं. शिडी असेल तर ती मुलांना दाखवताही यायला हवी. प्रत्येकाकडून तीन कामं जपून ठेवून घ्या, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं एकेक, सगळी एकाच गुणवैशिष्ट्याची, आणि शेवटी अर्ध्या पानात आधी काय जमत नव्हतं ते लिहायला सांगा. पोर्टफोलिओ म्हणून प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल मागू नका. मुलाखतीत ती उघडली जात नाही, ही तीन कामं मात्र दाखवून बोलता येतं.

दहा आठवड्यांत हे सगळं होणार नाही, करूही नका. पहिले दोन आठवडे टेबलावरची तपासणी आणि दोन-दोन वाक्यं. तिसऱ्यात चार गुणवैशिष्ट्यं ठरवा. चौथ्या ते सातव्यात फक्त दोन असाइनमेंट नव्याने घडवा, एक पहिल्या वर्षाची आणि एक दुसऱ्या वर्षाची, आणि त्यांच्या बदल्यात काय काढायचं ते लेखी ठरवा. आठव्यात रुब्रिक गेल्या वर्षीच्या जुन्या पेपरांवर चालवून बघा. विषय तंतोतंत जुळत नसला तरी सैल वाक्यं कळतात. उरलेले दोन आठवडे मोकळे ठेवा, ते लागतातच. तिसऱ्या वर्षाला यंदा हात लावू नका. खालच्या दोन पायऱ्या न चढलेल्या मुलांना वरची पायरी दिली तर ती आपटतात, आणि दोष योजनेला जातो.

मानांकन समितीची काळजी असेल तर तिच्यासाठी तक्ता असा ठेवा. चार गुणवैशिष्ट्यांना तीन-तीन जागा, उरलेल्या आठांना प्रत्येकी एकच, पण खरी जागा. बाकी चौकोन कोरे. प्रत्येक खुणेमागे तीन कागद जोडा : असाइनमेंटचा प्रश्न, रुब्रिक, आणि नावं झाकलेले तीन पेपर, एक वरचा, एक मधला, एक खालचा. समितीने विचारलं की इतके चौकोन रिकामे का, तर भरलेल्यांपैकी कोणताही एक त्यांना निवडू द्या आणि त्याचे कागद समोर ठेवा.